दुकानाच्या वळणावर पहिला

सिंकवरच्या, भांडी निथळत ठेवायच्या कपाटातून एक चमचा निसटला आणि खाली टणकन पडला.

सकाळपासून घरात झालेला तो पहिला आवाज. त्याआधी दोन तास सायला आणि तिचा नवरा इल्का एकाच स्वयंपाकघरात होती, एकाच भांड्यातली कॉफी प्यायली होती, पण एकमेकांशी अक्षर बोलली नव्हती. इल्काला अशा शांततेचं काहीच वाटत नाही. बर्फात गाडी रुतली तरी हा माणूस अर्धा तास काचेतून बाहेर बघत बसेल आणि मग म्हणेल, "रुतली." सायला किनाऱ्याकडची. तिकडची माणसं निदान भांडतात तरी.

"भाषणाच्या किती ओळी झाल्या?" इस्त्री न थांबवता तिने विचारलं.

इल्काने समोरच्या कागदावर हात ठेवला. "एक."

"वाच."

"'नमस्कार.'"

"वा. चौदा वर्षं युरोपभर भटकलास, त्याची कमाई एवढी."

तो पेन्सिलीचं टोक बघत राहिला. मग त्याने 'नमस्कार'च्या पुढे एक टिंब दिलं.

दुपारी बारा वाजता कोर्तेसाल्मी गावात, दुकानासमोरच्या वळणावर जो मोठा दगड आहे त्याच्यावर, इल्का राहकोला या निवृत्त व्यावसायिक सायकलपटूच्या नावाची पितळी पाटी बसणार होती. पाटी ग्रामसंघाची. तिच्यावरचा मजकूर ग्रामसंघाचा अध्यक्ष हेइमो याने स्वतः रचला होता आणि त्याला म्हणे अख्खा हिवाळा लागला: 'या ठिकाणी इल्का राहकोला शर्यतीत सर्वांच्या पुढे होता.' डोकं उठवणारी गोष्ट अशी की त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

इल्काने नक्की केलं काय हे गावात सायलाखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं, आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. कोर्तेसाल्मीत खेळ म्हणजे स्की. सायकल म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल ज्याचा परवाना गेला त्याचं वाहन. इल्का पहिल्यांदा परदेशी संघात गेला तेव्हा त्याच्या आईने, रायलीने, शेजारणींना सांगितलं की पोरगा बेल्जियमला कामाला लागला. घट्ट चड्डी घालून सायकल चालवायला गेलाय हे सांगायला तिची जीभ रेटली नाही.

आणि तिकडे तरी तो काय होता? पाणक्या. एका संघात एक कप्तान असतो, बाकीचे सगळे त्याच्यासाठी. इल्काने मागे संघाच्या गाडीपाशी यायचं, आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, कुबड आल्यासारखं वाकून पुन्हा पुढे जायचं आणि त्या वाटायच्या. वारा सुटला की कप्तानाच्या पुढे राहून तो आपल्या छातीवर घ्यायचा. कप्तानाचं चाक फुटलं की आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याकडेला एका चाकाची सायकल धरून उभं राहायचं. चौदा वर्षांत त्याने तीनदा गळ्याखालचं हासळीचं हाड मोडून घेतलं आणि एकही शर्यत जिंकली नाही. एकदा पावसात चौथा आला, कारण पुढचे अकराजण एकमेकांवर पडले होते. कप्तानाच्या लग्नाला त्याला आमंत्रण होतं. तिथे कोणा म्हातारीने त्याला वाढपी समजून पाणी मागितलं, आणि याने आणून दिलं. वर पेला परत न्यायला थांबला.

सायलाने या माणसाशी लग्न केलं ते सगळं समजूनसवरून. आरोग्यकेंद्रात ती दिवसभर लोकांचं रक्त काढायची. दुसऱ्यासाठी राबण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. कमीपणा आणला तो दुकानाच्या वळणाने.

सात वर्षांपूर्वी जूनमध्ये चार दिवसांची एक शर्यत या भागातून गेली. तिसऱ्या दिवशीचा रस्ता नेमका कोर्तेसाल्मीच्या दुकानापुढून होता. आदल्या संध्याकाळी इल्काचा फोन आला. "उद्या दुकानापाशी उभी राहा. थांबेन मी. कप्तानाला विचारून ठेवलंय." सायकलवाल्यांत ही जुनी रीत आहे. ज्याचं गाव लागतं त्याला बाकीचे थोडा वेळ पुढे सोडतात. त्याने घरच्यांपाशी थांबावं, पोराबाळांना जवळ घ्यावं, आणि मागून घोळका आला की गुपचूप त्यात शिरावं. त्याचा गैरफायदा कोणी घेत नाही.

ही रीत घोळक्यातल्या शंभरजणांना ठाऊक होती. रस्त्याकडेच्या दोनशेजणांना नव्हती.

त्यांनी पाहिलं ते एवढंच की वळणावरून एकटा इल्का आला आणि त्याच्या मागे रस्ता रिकामा होता. कोर्तेसाल्मीचं माणूस कशात तरी पहिलं होतं. हेइमो लाकडी चपला खटखटवत त्याच्या बाजूने धावू लागला. आणि तेवढ्यात इल्काने ब्रेक दाबला.

सायलाच्या कडेवर आठ महिन्यांची हिल्ला होती. बापाचा काळा चष्मा बघून तिने भोकाड पसरलं. इल्काने चष्मा वर सारला, पोरीच्या कपाळाला ओठ लावले, मग सायलाच्या. सहा आठवड्यांनी दिसत होता. चेहऱ्यावर घामाचं मीठ पांढरं सुकलं होतं. आणि भोवती दोनशे माणसं, जी एरवी शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आवाज चढवत नाहीत, ती ओरडत होती. "थांबतोस काय गाढवा." "सोड त्याला बाई, जाऊ दे." सासूबाईंनी तर सायलाचा दंड धरून तिला मागे ओढलं. मग घोळका आला, हसत आला, त्यातल्या एकाने शिट्टी मारली, आणि इल्का त्यांच्यात दिसेनासा झाला.

त्या दिवशी तो एकसष्टावा आला.

पहिला होता, थांबला, एकसष्टावा आला. गावाला आणखी काही कळायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मार्युतने गल्ल्यावर दुधाचा पुडा सरकवत म्हटलं, "नवऱ्याला भेटायची एवढी घाई असेल तर शेवटच्या रेषेच्या पलीकडे उभं राहावं गं." तेव्हापासून सात वर्षं. शाळेच्या जत्रेत पोती घालून पळायची शर्यत असली की कोणीतरी म्हणणारच, "सायलाला आधी बाजूला करा." हिवाळ्यात स्कीचा मार्ग आखतानाही म्हणत. लोक मजेतच म्हणत. इथे ज्याचा राग येतो त्याला कोणी काही बोलत नाही, आणि ज्याला बोलतात त्याने रागवायचं नसतं.

सायलाने सांगून पाहिलं होतं. पहिल्या वर्षी तर दिसेल त्याला थांबवून सांगितलं. लोक मान डोलवत, नजर खाली घालत आणि मनात म्हणत, करतेय बिचारी सारवासारव. हे इल्काने सांगायला हवं होतं. आणि इल्का? तो घरी आला तेव्हा गावाने पहिल्यांदाच त्याच्याकडे माणूस म्हणून बघितलं होतं. आयुष्यात कधी त्याच्याशी न बोललेले लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होते. तो गप्प राहिला.

"खोटं बोललो का मी?" तो विचारायचा.

"नाही."

"मग?"

"खरंही नाही बोललास."

"कोणी विचारलं नाही."

यापुढे त्या माणसाशी काय बोलायचं? शर्यती सोडून तीन वर्षं झाली, प्लायवूडच्या गिरणीत चिकटला, तरी कोणी विचारलं नव्हतं. शंभर माणसांनी मेहेरबानी म्हणून पुढे सोडलेला पाणक्या होण्यापेक्षा, बायकोपायी हुकलेला विजेता होणं बरं. एवढं सोपं होतं ते.

सायलाने तेही गिळलं असतं. पण काल हिल्ला शाळेतून आली ती बूट न काढताच म्हणाली, "वर्गातला एत्सा म्हणतो, तू रडलीस म्हणून तुझा बाबा हरला." पुढेही ती काहीतरी सांगत होती, पण सायलाने ऐकलं नाही. ती सरळ मागच्या अंगणात गेली. इल्का तिथे सौन्याच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीसाठी लाकडं फोडत होता. तिने सांगितलं, उद्या त्या दगडापुढे उभा राहून सगळं बोलायचं. नाही बोललास तर हिल्लाला घेऊन मी माझ्या आईकडे जाते, आणि त्या पाटीबरोबर तू खुशाल संसार कर.

त्यानंतरची शांतता चमच्याने मोडली होती.

"आई, चेन अडकली." हिल्ला दारात आली. जाकिटाची चेन हनुवटीखाली फसलेली, ओठ ब्लूबेरीने निळे, पुढचे दोन दात गेलेले. सायलाने इस्त्री उभी केली आणि गुडघ्यांवर बसली.

"मान वर."

"मी एत्साला काय म्हटलं ते तू ऐकलंच नाहीस."

"आता ऐकते. मान वर कर, कातडी चिमटेल."

"मी म्हटलं, हरला नाही. सोडली त्याने शर्यत. माझ्यासाठी." दातांच्या फटीतून शब्दांबरोबर थोडी थुंकीही आली. "त्याच्या बाबाने त्याच्यासाठी काय सोडलंय? तंबाखूपण नाही सोडली."

"हं," सायला म्हणाली. चेनीचा दात बसला होता. तिने ती सर्रकन वर ओढली, पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि तिथे एक पापी घेतली. डोकं तिचं भाषणात होतं.

बारा वाजता वळणावर दीडशे माणसं होती. नेहमीसारखी, एकमेकांपासून हातभर अंतर राखून, जणू प्रत्येकाला वेगवेगळ्या बसची वाट बघायची होती. लष्करी हंड्यात साल्मन माशाचं सूप शिजत होतं. दगडावर निळं-पांढरं कापड. सासूबाई वेलदोड्याच्या पावांचं ताट घेऊन पुढच्या रांगेत, नवीन कोट घालून. वर्षानुवर्षं ज्या पोराचा धंदा लपवला त्याच्या पाटीसाठी कोट.

"रायली, उबदार आहे का तो?" सायलाने विचारलं.

"आजच्यापुरता आहे," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेला आपादमस्तक बघून, "तू आज मागे उभी राहा हं. तो बोलत असताना मध्ये येऊ नकोस."

मार्युत खुदकन हसली. सायला मागे गेली नाही.

हेइमोने भाषण केलं. त्याने आयुष्यात सायकलची एकही शर्यत पूर्ण पाहिलेली नाही; पाहिली ती चाळीस सेकंद, लाकडी चपलांत धावत. त्या चाळीस सेकंदांवर तो बारा मिनिटं बोलला. या मातीत जिद्द आहे, म्हणाला. नियतीने घास काढून घेतला, म्हणाला, आणि 'नियती' म्हणताना सायलाकडे बघणं त्याने कसोशीने टाळलं, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. मग कापड ओढलं. ते दगडाच्या टोकाला अडकलं. हेइमोने झटका दिला, कापड फाटलं, लोक कुजबुजले नाहीत, हसले नाहीत. पाटी चकचकत होती.

"इल्का," हेइमो म्हणाला. "बोल बाबा दोन शब्द."

इल्का पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, हात खिशात, मग खिशाबाहेर. कागद त्याने काढलाच नाही. सायलाने हिल्लाचा हात धरला होता आणि तो तिने जरा जास्तच घट्ट धरला असावा, कारण हिल्लाने बोटं हलवली.

"नमस्कार," इल्का म्हणाला.

सूप ढवळणाऱ्याने पळी थांबवली.

"त्या दिवशी मी पुढे नव्हतो. म्हणजे होतो, पण मला सोडलेलं होतं. आमच्यात रीत आहे. ज्याचं गाव येतं त्याला जाऊ देतात, घरच्यांना भेटायला. मी आदल्या दिवशी विचारलं होतं, कप्तान हो म्हणाला. थांबलो नसतो तरी जिंकलो नसतो. मी कधीच जिंकणार नव्हतो. मी पाणी आणायचो." त्याने श्वास घेतला. एवढं सलग तो लग्नातही बोलला नव्हता. "सायलाचा काही दोष नाही. पोरीचा तर नाहीच नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं. सूप गार होतंय."

आणि तो मागे सरला.

सायलाच्या छातीवरून सात वर्षांचं काहीतरी उतरलं. तिला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तो चौथा आला तेव्हाही नाही. तिने आजूबाजूला बघितलं. लोक गप्प. मान खाली. चला, तिला वाटलं, एकदाचं शिरलं डोक्यात.

मग हेइमोने रुमाल काढून नाक शिंकरलं.

"ऐकलंत?" तो म्हणाला, आवाज घोगरा झालेला. "हा आपला माणूस. दुसरा कोणी असता तर सांगत सुटला असता, मी जिंकलो असतो, मी जिंकलो असतो. आणि हा म्हणतो, मी पाणी आणायचो."

टाळ्या पडल्या. कोर्तेसाल्मीत टाळ्या अशा सहसा पडत नाहीत. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली.

"आणि बायकोला कसं पाठीशी घातलं बघ," मार्युत शेजारणीला म्हणाली, हळू नाही. "माझा असता तर माझ्यावर ढकलून मोकळा झाला असता."

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. "काय काय बोलावं लागतं पोराला," त्या म्हणाल्या. "घर टिकवायला."

सायलाला वाटलं, आपण दगडावर चढून ओरडावं. ती चढली नाही. हेइमोपुढे जाऊन उभी राहिली. "हेइमो, तो खरं सांगतोय. त्या दिवशी शर्यत संपायला ऐंशी किलोमीटर बाकी होते. ऐंशी. कोण जिंकतंय हे इथे कोणाला कळणार होतं?"

"तेच तर," हेइमो म्हणाला. "ऐंशी किलोमीटर आधीपासून पुढे. कुठल्या कुठे गेला असता."

"अरे, त्यांनी त्याला सोडलं होतं. मुद्दाम."

"त्याने सांगितलं ना तसं. ऐकलं आम्ही." हेइमोने तिच्या खांद्यावर हात ठेवला, सात वर्षांत पहिल्यांदा, आणि माफ केल्यासारखा थोपटला. "तूही आता मनाला लावून घेऊ नकोस. गावाने सोडून दिलंय. जा, सूप घे."

या लोकांपुढे माणसाने करायचं तरी काय? फुशारकी मारली तर ते मान फिरवतात, गप्प बसलं तर हिरो करतात, आणि खरं सांगितलं तर पाटीला फुलं वाहतात. इथे नम्रपणा एवढा मुरलाय की स्वतःबद्दल वाईट बोलणाऱ्याचं कोणी खरंच धरत नाही. पुढच्या हिवाळ्यात हेइमो बहुतेक दुसरी ओळ रचायला घेणार.

तिने दोन वाडगे सूप घेतलं. हिल्ला दगडाच्या पायथ्याशी उकिडवी बसून पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. सायला तिच्या शेजारी गवतात टेकली. सुपात शेपूची काडी तरंगत होती; हिल्लाला ती आवडत नाही, म्हणून सायलाने ती बोटाने काढून स्वतःच्या वाडग्यात टाकली.

पलीकडे इल्का म्हाताऱ्यांच्या बाकापर्यंत सूप नेत होता. एका हातात दोन वाडगे, दुसऱ्या हातात दोन, पावाची पिशवी कोपरात. कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्याच नावाचा समारंभ, आणि तो वाढपी. रिकामे वाडगे घ्यायला थांबतही होता. सायलाला हसू आलं, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की ती आईकडे जाणार नाही. त्याने त्याचं काम केलं होतं. गाव गाढव निघालं हा त्याचा गुन्हा नव्हता.

"आई."

"खा. गार होईल."

"बाबा खरं बोलला ना?"

सायलाने चमचा खाली ठेवला. दीडशे माणसांत एकाच्या तरी डोक्यात शिरलं म्हणायचं. तिने पोरीला जवळ ओढलं, निळ्या ओठांचा, सुपाच्या मिशीचा तो चेहरा दोन्ही हातांत धरला. "हो गं माझी सोनी. सगळं खरं बोलला. तू रडलीस म्हणून काही झालं नाही. कोणामुळेच काही झालं नाही. एत्साला सांग."

हिल्लाने मान हलवली. पण तिचा चेहरा उजळला नाही. तिने बोट पुन्हा पाटीवर ठेवलं, 'पुढे' या शब्दावर, आणि तिथेच ठेवलं.

"म्हणजे त्याने काही सोडलं नव्हतं."

"काय?"

"माझ्यासाठी. त्याला थांबायला परवानगी होती म्हणून तो थांबला."

सकाळचं जाकीट, फसलेली चेन, मान वर केलेली ही पोर आणि तिचं ते सगळं बोलणं सायलाला आत्ता ऐकू आलं.

"पण आई," हिल्ला म्हणाली, आणि बाकांकडे बघू लागली, जिथे तिचा बाप चार वाडगे सावरत वाकून उभा होता, "तो खरंच पहिला असता, आणि मागचे खरंच त्याला पकडायला येत असते, तरी आपल्यापाशी थांबला असता का?"